मोत्याचं कर्ज आणि इंग्लंडची भिंत

मंगळवारच्या आपल्या कार्यक्रमात आम्ही नेहमी शेळीपालन, शिलाई, बँकेचे हप्ते असं काही घेऊन येतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज कुत्र्याच्या परदेशवारीचा इतिहास सांगायचा आहे. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की गटाच्या बैठकीत एका आक्कांनी अंतर्गत कर्जाचा अर्ज टाकला. रक्कम पंधरा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मोत्याची कागदपत्रं." मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा, तांबूस रंगाचा, साधा गावठी. आक्कांची मुलगी नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी ती इंग्लंडला दवाखान्यात कामाला गेली. वडील गेल्यावर तिनेच हे पिल्लू रस्त्यावरून उचलून वाढवलं होतं. आक्का म्हणाल्या, "पोरगी तिकडं एकटी हाय. मला काय जाता येत नाही, गुडघे असले. मोत्या तरी जाऊ दे तिच्याकडं." विमानाचा खर्च मुलगी करणार होती. इथल्या तपासण्या, पिंजरा आणि दाखले आक्कांना करायचे होते.

सगळ्या हसल्या. "आमच्या रेशनकार्डावर नाव चढंना, आन् कुत्र्याला पासपोर्ट?" असं एकीने म्हटलंही. हसल्या नाहीत त्या फक्त एक काकू. त्यांचा धाकटा मुलगा लहानपणी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. जखमेवर मिरची भरली, अंगारा लावला, मांत्रिकाकडे नेलं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धाकाने दवाखाना मात्र टाळला. दीड महिन्याने त्याला पाण्याची भीती वाटायला लागली. पुढचं काकू कधी सांगत नाहीत. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "त्या देशात एवढी कागदं कशाला मागत्यात? आन् तिथं लेकरं मरत नाहीत का यानं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला आणि आम्ही वाचायला बसलो. बी.ए.ला आमचा इतिहास विषय होता, पण त्या पुस्तकांत राजे होते, तह होते. कुत्री नव्हती. म्हणून जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

तर काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, तिथे मरत नाहीत. इंग्लंडमध्ये तिथल्याच कुत्र्यापासून रेबीज होऊन माणूस दगावण्याची शेवटची घटना १९०२ सालची आहे. म्हणजे लोकमान्य टिळक 'केसरी' चालवत होते त्या काळातली. पण त्याआधी तिथेही आपल्यासारखंच होतं. लंडनच्या रस्त्यांवर भटकी कुत्री होती, उन्हाळ्यात 'पिसाळलं, पिसाळलं' अशी हाकाटी व्हायची, लोक काठ्या घेऊन धावायचे. जखम तापलेल्या लोखंडाने डागायचे. आपली मिरची आणि त्यांचं लोखंड, यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

मग १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने बऱ्याच ठिकाणी फाडलं होतं. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला आली होती. मुलगा वाचला. बातमी जगभर गेली आणि चावलेल्या माणसांची रीघ पॅरिसकडे लागली. हिंदुस्थानात इंग्रज शिपायाला किंवा अधिकाऱ्याला कुत्रं चावलं, तर त्याला बोटीत बसवून पॅरिसला पाठवत. तेवढे दिवस तो तग धरेल ही आशा. आपल्या माणसांना कोण बोटीत बसवणार? १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला पाश्चर संस्था निघाली, तेव्हा इथे लस मिळू लागली. पुढे तिथेच डेव्हिड सेम्पल या डॉक्टरांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. तीच ती पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं. त्या लसीने पुष्कळ जीव वाचवले हे खरं. पण ती दुखायची, रोज दवाखान्यात जावं लागायचं, आणि काहींना तिच्यामुळेच मेंदूचा, नसांचा त्रास व्हायचा. आपल्या देशात ती २००४-०५च्या सुमारास बंद झाली. आता दंडात थोडी थोडी लस देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. हे वाक्य आम्ही मुद्दाम दोनदा म्हणतो. सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि पोटात नाही.

पण लस ही माणूस चावल्यानंतरची गोष्ट झाली. इंग्लंडने कुत्र्यांमधला रोगच हटवला तो वेगळ्या वाटेने. १८९७ साली वॉल्टर लाँग नावाचे तिथले शेतीखात्याचे मंत्री होते. त्यांनी हुकूम काढला, की रोग असलेल्या भागात प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधायचं. बैलाला मळणीच्या वेळी बांधतो तसं, पण तारेचं. ज्याला मुसकं नाही ते कुत्रं पोलीस उचलणार. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला परवाना लागणार, आल्यावर ते वेगळं ठेवावं लागणार. सुरुवातीला मालकाच्याच घरी ठेवलं तरी चालायचं. काही वर्षांतच वेगळं ठेवायची मुदत सहा महिन्यांवर गेली.

लाँगसाहेबांना लोकांनी काय काय म्हटलं असेल! मुसकं म्हणजे मुक्या जीवाचा छळ, असं म्हणून श्वानप्रेमी संघटना रस्त्यावर उतरल्या. पत्रांचे ढीग पडले. यात एक गोष्ट आमच्या नजरेत भरली. मोठ्या जमीनदारांच्या शिकारी कुत्र्यांना शिकारीच्या वेळी मुसक्यातून सूट होती, पण शहरातल्या एखाद्या बाईच्या मांडीवरच्या कुत्र्याला नव्हती. कायदा करणारेच शिकारीला जाणारे. आपल्याकडे पाणी कुणाच्या शेताला आधी जातं ते आठवलं. ते असो. पाच वर्षांत रोग संपला, हे मान्यच करावं लागेल. १९०२ नंतर बेट मोकळं झालं. बेट असल्याचा फायदा मोठा होता. कोल्हा किंवा कुत्रं पायी चालत येऊ शकत नव्हतं. जे यायचं ते बोटीतून, माणसासोबत.

याच काळाआधीची एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३२च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा नियम केला होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागे पोलिसांना पैसे मिळायचे. पैसे मिळतात म्हटल्यावर शिपाई घरांच्या दारातली कुत्रीही उचलू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. ते रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, किल्ल्यातल्या इंग्रज सैन्याची रसद अडली. शेवटी फौज बोलवावी लागली. म्हणजे कुत्रं मारून रोग जाईल, हा विचार इथे आधीच करून झाला होता. त्यातून रोगही गेला नाही आणि कुत्रीही संपली नाहीत. नगरपालिका आजही मधूनमधून तीच चूक करायला निघतात.

आता क्वारंटाइन. हा शब्द आपल्याला २०२० साली पाठ झाला. शाळेच्या खोलीत चौदा दिवस कोण कोण राहिलं, आठवतं ना? शब्द जुना आहे, व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस दिवस' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. प्लेगच्या भीतीने बंदराबाहेर जहाजं चाळीस दिवस थांबवत, त्यावरून. कुत्र्यांना मात्र चाळीस दिवस पुरत नाहीत. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही आठवडे ते दोन-तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत कुत्रं अगदी धडधाकट दिसतं, खातं-पितं, शेपूट हलवतं. त्या काळी जिवंत कुत्र्यात रोग दडलाय का हे सांगणारी तपासणीच नव्हती. मग उपाय एकच, थांबा आणि बघा. सहा महिने पिंजऱ्यात ठेवा. जगलं तर ते निरोगी.

ही भिंत एकदा फुटली. पहिलं महायुद्ध संपत आलं आणि फ्रान्सच्या खंदकांतून सैनिक घरी परतू लागले. चिखलात, गोळीबारात ज्या कुत्र्यांनी सोबत केली त्यांना मागे टाकून यायचं कसं? काहींनी चोरून आणली, कोटाखाली, पिशवीत, कुणी विमानातून. त्यातल्या एखाद्यात रोग होता. १९१८ साली नैऋत्य इंग्लंडमध्ये, प्लिमथच्या बाजूला, कुत्री पिसाळू लागली. तो उद्रेक विझवायला १९२२ साल उजाडलं. तीनशेहून जास्त जनावरांत रोग सापडला. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचं तरी काय चुकलं? मीबी पिशवीत घातला असता." काकू तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढची सत्तरेक वर्षं सहा महिन्यांचा नियम पक्का राहिला, आणि खर्च सगळा मालकाचा. पिंजऱ्याचं भाडं, खाणं, डॉक्टर. ज्याला परवडेल त्याने भेटीच्या वेळेत जाऊन जाळीतून बघायचं. यातून मोठमोठी माणसंही सुटली नाहीत. हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर आणि तिचा नवरा रिचर्ड बर्टन १९६८ साली लंडनला आले. कुत्री जमिनीवर उतरली तर सहा महिने अटक. म्हणून त्यांनी टेम्स नदीत एक मोठी बोट भाड्याने घेऊन उभी केली आणि कुत्र्यांना तिच्यावरच ठेवलं. कायदा जमिनीला लागू, पाण्याला नाही! हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्याकडे व्हिस्की आणि सोडा नावाची दोन लहान कुत्री होती. १९९७ साली हाँगकाँग चीनच्या हवाली करून ते परतले, तेव्हा कुत्री इंग्लंडला न नेता फ्रान्समधल्या घरी नेली. गव्हर्नरालाही सूट नाही. हे वाचून आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण नियम पाळूनही एकदा घात झाला. ऑक्टोबर १९६९, गाव कँबर्ली. जर्मनीहून आणलेला फ्रिट्झ नावाचा एक टेरिअर कुत्रा सहा महिने पूर्ण भरून बाहेर आला आणि काही दिवसांत पिसाळला. माणसांना चावला. गावाशेजारच्या रानात त्याने आणखी कुणाला चावलं असेल या धास्तीने तिथले कोल्हे आणि इतर प्राणी मारले गेले. पुढच्याच वर्षी न्यूमार्केटमध्ये पाकिस्तानहून आणलेला कुत्रा सुटकेनंतर रेबीजने मेला. सरकारने वॉटरहाउस समिती नेमली. तिने भिंत पाडायला सांगितली नाही, आणखी पक्की करायला सांगितली. १९७४ साली नवा कायदा आला, पिंजऱ्यात असतानाच लस टोचणं सक्तीचं झालं. चोरून प्राणी आणला तर तुरुंग. बंदरांवर निरनिराळ्या भाषांत भीतीदायक फलक लागले. समुद्राखालून फ्रान्सपर्यंत बोगदा खणला, १९९४ साली तो सुरू झाला, तेव्हा त्यातून रेबीज झालेला कोल्हा चालत येईल म्हणून लोक हवालदिल झाले होते. बोगद्यात प्राणी शिरू नयेत म्हणून जाळ्या आणि विजेचे अडथळे बसवले.

गंमत अशी, की इंग्लंड भिंतीला विटा लावत होतं तेव्हा शेजारी युरोपात रोगच कमी होत होता, आणि तो कुणी पिंजऱ्याने कमी केला नव्हता. १९७८ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी कोंबड्यांची मुंडकी गोळा केली. टाकाऊ मुंडकी, खाटिकखान्यातली. प्रत्येकात लसीची छोटी पुडी लपवली आणि रानात पसरून दिली. कोल्हे आले, मुंडकी चावली, लस पोटात गेली. त्या दऱ्यांत रोग पुढे सरकेना. मग बाकीच्या देशांनी हेलिकॉप्टरमधून असं आमिष टाकलं. स्वित्झर्लंड १९९९ साली आणि फ्रान्स २००१ साली रेबीजमुक्त जाहीर झाला. आमच्या सगळ्या वाचनात आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. रानातल्या कोल्ह्याला पकडून इंजेक्शन देता येत नाही, म्हणून त्याचं जेवणच लसीचं केलं. लेकराला गुळात गोळी देतो तसं.

मग इंग्लंडमध्ये प्रश्न उठला. लस चालते, रक्तात तिचा असर मोजता येतो, शेजारी रोग नाही, तर सहा महिन्यांचा पिंजरा कशासाठी? हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत एक बाई पुढे होत्या, लेडी मेरी फ्रेटवेल. त्यांचे पती पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते, म्हणून परदेशातून परतताना कुत्र्याचं काय करायचं याचा अनुभव घरचाच. १९९०च्या दशकात त्यांनी 'प्राण्यांना पासपोर्ट द्या' अशी मोहीम चालवली. वर्तमानपत्रांना पत्रं, खासदारांच्या भेटी, सैन्यातल्या आणि वकिलातीतल्या कुटुंबांच्या सह्या. त्यांच्या हातात ओळखी होत्या, पैसा होता, हे कबूल. तरी सरकारी खात्याला शंभर वर्षांची सवय सोडायला लावणं सोपं नसतं. आम्हाला ग्रामसंघाच्या एका दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, ते तुम्ही जाणताच. सरकारने प्राध्यापक इयन केनेडी यांची समिती नेमली. तिने १९९८ साली सांगितलं, की लस, रक्ततपासणी आणि कातडीखाली चिप असलेल्या प्राण्याला सुरक्षित देशांतून थेट येऊ द्यायला हरकत नाही. २८ फेब्रुवारी २००० रोजी पहिली कुत्री-मांजरं पिंजऱ्याशिवाय उतरली.

आपली कुत्री मात्र त्या यादीत नव्हती. हिंदुस्थानातून गेलेल्या कुत्र्याला २०११ संपेपर्यंत सहा महिन्यांची कैद होतीच. आणि ती उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. २००८ साली श्रीलंकेहून सोडवून नेलेलं एक पिल्लू लंडनच्या क्वारंटाइन पिंजऱ्यातच रेबीजने मेलं. ते बाहेर असतं तर? त्याआधी २००५ साली एक ब्रिटिश बाई गोव्याला सुटीवर आली होती. तिला एक पिल्लू चावलं. तिने उपचार घेतले नाहीत. घरी परतल्यावर काही महिन्यांनी ती रेबीजने गेली. आपल्या गोव्यात, समुद्राकाठी, गोड दिसणाऱ्या पिल्लाने.

१ जानेवारी २०१२ पासून इंग्लंडने युरोपचेच नियम घेतले आणि आपल्यासारख्या देशांतल्या कुत्र्यांचा पिंजरा गेला. मोत्याला आता जे करावं लागतं ते असं. आधी मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप, तिच्यात पंधरा आकडी नंबर. त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातं. रक्तात लसीचा असर किमान ०.५ एकक भरला पाहिजे. आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मग निघायच्या आधी पट्टकृमीचं औषध, तेही पोचायच्या १२० तासांच्या आत आणि २४ तासांच्या आधी नाही. सरकारी प्राणी क्वारंटाइन खात्याचा दाखला, मुंबईला. विमानात प्रवाशासोबत नाही, मालाच्या कप्प्यात, ठरलेल्या मापाच्या पिंजऱ्यातून. मालकाने त्याच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत प्रवास केला पाहिजे, नाहीतर तो व्यापार धरतात.

तीन महिने कशासाठी, असं आम्ही डॉक्टरांना विचारलं. लस टोचली तेव्हाच रोग अंगात असेल, तर तो या काळात दिसून येईल, म्हणून. म्हणजे बघा, जुना सहा महिन्यांचा पिंजरा पुरता गेलेला नाही. त्यातले तीन महिने आपल्या अंगणात आले आहेत. भाडं नाही, जाळी नाही, एवढाच फरक. आणि तो फार मोठा फरक आहे.

बाकी देशांचं थोडक्यात. हवाई बेटांवर १९१२ पासून १२० दिवसांची कैद होती, ती आता कागद नीट असतील तर पाच दिवसांवर आली आहे. अमेरिकेने २०२१ साली आपल्यासकट अनेक देशांतली कुत्री काही काळ बंदच केली होती, २०२४च्या ऑगस्टपासून नवे नियम आहेत. ऑस्ट्रेलिया सगळ्यांत कडक. २०१५ साली नट जॉनी डेप आणि त्याची बायको खासगी विमानातून दोन छोटी कुत्री न सांगता घेऊन उतरले, तेव्हा तिथल्या मंत्र्याने सांगितलं, कुत्री परत न्या नाहीतर मारावी लागतील. कुत्री परत गेली, बायकोला कोर्टात उभं राहावं लागलं.

दुसऱ्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे तिथली लेकरं वाचली ती कुत्री मारून नाही, कुत्र्याला टोचून?" आम्ही म्हटलं, आधी मुसकं आणि पिंजरा, नंतर टोचून. आणि गोव्याचंही सांगितलं. तिथे २०१४ पासून दरवर्षी घरोघरी आणि रस्तोरस्ती जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लस देतात, आणि २०२१ साली गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. दहापैकी सात कुत्र्यांना लस टोचली की रोगाची साखळी तुटते. काकू म्हणाल्या, "आन् आपल्या गावात किती टोचलीत?" कुणालाच माहीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. हा आकडा वाचताना काकूंकडे बघायचं धाडस आम्हाला झालं नाही.

कर्ज मंजूर झालं, दोन टक्क्यांनी, नेहमीसारखं. ठरावावर काकूंनी सही केली नाही. कारण विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण त्याच बैठकीत त्यांनी दुसरा विषय मांडला, की पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन गावातल्या सगळ्या कुत्र्यांना लस द्यायची. वाड्यावस्त्यांवरची कुत्री मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. शिबिराच्या दिवशी वही त्यांच्याच हातात होती. एकशे बारा कुत्री मोजली होती, सत्तेचाळीसच सापडली. बाकीची पळाली. दुसरं शिबिर पावसाआधी घ्यायचं आहे, तेव्हा ज्यांच्याकडे मासे धरायची जाळी असेल त्यांनी काकूंना कळवा.

आणि मोत्या? मोत्याच्या कागदात घोळ झाला. त्याला जानेवारीत लस टोचली होती आणि चिप फेब्रुवारीत बसवली. उलटं झालं. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? टोचणाऱ्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तेव्हा आम्ही अजून ०.५ च्या पलीकडे वाचलंच नव्हतं. दोन महिने आणि लसीचे पैसे वाया गेले. आक्का रडल्या नाहीत, पण मुलीला फोनवर सांगायला चार दिवस लावले. मार्चमध्ये पुन्हा लस, २ मे रोजी रक्त. तीन आठवड्यांनी अहवाल आला, आकडा ०.५ च्या बराच वर होता. आम्ही तो इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवला, कर्जाच्या नोंदीखाली.

२ ऑगस्टला तीन महिने भरतात. मुलीची रजा गणपतीत आहे. आक्कांनी मोत्यासाठी पिंजरा आणून ओसरीवर ठेवला आहे, आत मुलीची जुनी साडी अंथरली आहे. त्याला सवय व्हावी म्हणून भाकरी आतच देतात. पहिले आठ दिवस तो भाकरी तोंडात धरून बाहेर यायचा आणि दारात बसून खायचा. आता आतच झोपतो.

पुढच्या मंगळवारी शेळ्यांच्या विम्यावर बोलू.